कंपनी काकाजी

रामटेकात गाडी बिघडली की माणूस बसस्टँडामागच्या मिस्त्रीकडे जातो. गाडी बिघडलेली नाही, पण शहाण्यासारखी वागतही नाही, असं असेल तर तो काकाजींकडे जातो. किंवा जात नाही, काकाजीच येतात. पायात चप्पल, डोक्याला पांढरा दुपट्टा, हात पाठीमागे बांधलेले आणि नजर उघड्या बोनेटवर. पहिला प्रश्न ठरलेला, "काय म्हणते?" हा प्रश्न गाडीबद्दल असतो. गाडीच्या मालकाची ख्यालीखुशाली त्यांनी आजवर कधी विचारलेली नाही.

मालक काकुळतीनं सगळी खोड सांगतो. काकाजी शेवटपर्यंत ऐकून घेतात, मान डोलावतात आणि निकाल देतात, "हे कंपनीतूनच हाय."

या एका वाक्यापायी गाव त्यांना पाठीमागे 'कंपनी काकाजी' म्हणतं. त्यांना ते माहीत आहे. त्यात टिंगल आहे हेही माहीत आहे, पण पदवी मिळाल्याचा आनंद टिंगलीपेक्षा मोठा असावा.

ही जात एकट्या रामटेकात नाही. ज्या गावात एखादी अँबेसेडर, एखादी पद्मिनी किंवा पेट्रोलवरची जीप अजून ताडपत्रीखाली उभी आहे, तिथे तिच्या आसपास असा एक माणूस सापडतोच. तो मिस्त्री नसतो. त्याच्या नखांत ग्रीस दिसणार नाही. गाडी दुरुस्त करण्यात त्याला रस नसतो, कारण त्याच्या मते ती मुळात बिघडतच नाही. गाडीत जे जे विचित्र दिसतं ते कुण्या शहाण्या माणसानं डोकं लावून तसं ठेवलेलं आहे, अशी त्याची श्रद्धा. आणि खरी पंचाईत पुढेच आहे. बहुतेक वेळा तो बरोबर निघतो.

आमच्या गावात १९९७ पासून कविकुलगुरू कालिदासांच्या नावाचं संस्कृत विद्यापीठ आहे. तिथल्या एका प्राध्यापकांनी काकाजींचं नेमकं निदान केलं होतं. म्हणाले, "कालिदासाला मल्लिनाथ भेटला, पद्मिनीला काकाजी." टीकाकार मूळ कर्त्याची चूक कबूल करत नाही, तो कारण शोधतो. काकाजींना ही तुलना आवडली, पण अर्धीच. मल्लिनाथानं मेघदूताच्या टीकेत रामगिरी म्हणजे चित्रकूट असं लिहून ठेवलं आहे, आणि रामटेकचा माणूस एवढी गोष्ट सहजासहजी माफ करत नाही. नागपूरच्या वा. वि. मिराशींनी रामगिरी म्हणजे आमचं रामटेकच हे पुराव्यानिशी मांडलं म्हणून बरं. "मल्लिनाथ इकडे आलाच नसन," काकाजी प्राध्यापकांना म्हणाले. "घरी बसून लेहलं त्यानं. मी निदान गाडीखाली जाऊन पाह्यतो."

काकाजी सिंचन खात्यात ओव्हरसियर होते. पेंचच्या कालव्यांवर अर्धं आयुष्य गेलं. त्यांची दीक्षा झाली ती खात्याच्या जीपवर. बोनेट उंच असलेल्या महिंद्राच्या जुन्या जीपवर. हे बोनेट उंच का, यावर कालव्याच्या कडेला चहा पिता पिता अनेक मतं मांडली जात. कोणी म्हणे चिखलात पाणी आत जाऊ नये म्हणून, कोणी म्हणे रुबाबासाठी. काकाजींनी कुठूनशी जीपची जुनी पुस्तिका मिळवली आणि प्रश्न निकालात काढला. आधीच्या जीपच्या इंजिनात हवा आत घेणारे आणि धूर बाहेर टाकणारे दोन्ही व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये असत. ताकद वाढवायची म्हणून पुढच्या इंजिनात आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेले. इंजिन उंच झालं आणि जुन्या बोनेटखाली मावेना. मग इंजिन कापायचं की बोनेट उचलायचं? त्यांनी बोनेट उचललं. एवढंच. पण काकाजी ही गोष्ट अशी सांगतात, की ऐकणाऱ्याला वाटावं हे बसले होते त्या मीटिंगला.

वायपरची गोष्ट मात्र त्यांच्या डोळ्यांदेखत घडली. आषाढातला पाऊस. डेप्युटी साहेब नवीनच बदलून आलेले; त्यांना गडावर रामाचं दर्शन घ्यायचं होतं. जीप चढाला लागली, ड्रायव्हरनं ॲक्सिलरेटर दाबला आणि काचेवरचा वायपर अर्ध्या वाटेत थांबला. पुढे नुसतं पांढरं. साहेब ओरडले. ड्रायव्हरनं घाबरून पाय उचलला, तर वायपर उठून सपासप फिरायला लागला. साहेबांच्या जिवात जीव आला. पुन्हा पाय दाबला, पुन्हा वायपर गारद.

"उद्या पहिलं वायरिंग दाखवून घ्या," साहेब म्हणाले.

मागच्या बाकावरून तरुण ओव्हरसियरचा आवाज आला, "साहेब, याले वायरच नाही."

खरंच नव्हती. त्या वायपरला मोटर नव्हती, तो इंजिनाच्या श्वासावर चालायचा. इंजिन हवा आत ओढतं तेव्हा त्याच्या नळीत जी ओढ तयार होते, ती रबरी पाइपानं वायपरपर्यंत आणलेली. पाय उचललेला असला की कार्ब्युरेटरची झडप मिटते, ओढ जबर होते, वायपर खुशीत. चढावर पाय दाबला की झडप सताड उघडते, हवा धो धो आत येते, ओढ संपते आणि वायपर झोपतो. म्हणजे पाऊस मुसळधार, चढ खडा, वळण पुढ्यात, अशा नेमक्या घटकेला वायपर रजेवर. सरकारी गाडीला इतका शोभणारा स्वभाव अमेरिकेतल्या कारखान्यानं आधीच ओळखून दिला होता, याचं मला आजही नवल वाटतं.

काकाजी मात्र कारखान्याच्या बाजूनं उभे. त्या काळी अमेरिकेत बहुतेक गाड्यांची बॅटरी सहा व्होल्टची. दिवे, स्टार्टर, हॉर्न, सगळा संसार तिच्यावर. त्यात वायपरची मोटर कशाला लादायची, जेव्हा इंजिन फुकटात ओढ देऊन राहिलं आहे? चढावर ड्रायव्हरनं क्षणभर पाय उचलावा, काच पुसून घ्यावी, पुन्हा दाबावा. "ड्रायव्हरले थोडी अक्कल असन, असं कंपनीनं धरून चाललं होतं," काकाजी म्हणतात. "तेवढीच कंपनीची चूक."

पुढे कधीतरी त्यांच्या वाचनात आलं, की फ्रान्समधल्या सिट्रोएन कंपनीच्या टू-सीव्ही नावाच्या स्वस्त गाडीचा वायपर सुरुवातीच्या काळात स्पीडोमीटरच्या केबलवर चालायचा. गाडी जितकी जोरात, तितका वायपर जोरात. गाडी थांबली की वायपर थांबला, मग हातानं फिरवा. काकाजी त्या दिवशी दुपारी झोपले नाहीत. संध्याकाळी ओट्यावर येऊन म्हणाले, "त्यांचा वायपर गाडी थांबली की थांबते. आपला वायपर गाडी जोर लावते तेव्हा थांबते. दोघांची सोयरीक झाली असती ना, तर पोरगं सारं बरोबर निघालं असतं." फोक्सवॅगन बीटलची हकीकतही त्यांनी अशीच मिळवली. तिच्या काचेवर पाणी उडवायला पंप नसायचा; स्टेपनीतली हवा ते पाणी उडवायची. काच फार धुतली की स्टेपनीतली हवा उतरली. हे ऐकून मी हसलो. काकाजी हसले नाहीत. "स्टेपनीतली हवा रोज कोण पाह्यते? काच धुवायच्या निमित्तानं पाहाच लागते. इचार हाय त्याच्यात."

आता इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय काकाजींचं चित्र पुरं होत नाही. कुणाच्या तरी मामाची जुनी जीप घेऊन ही पोरं खिंडसीकडे निघाली होती. तलावाच्या अलीकडे डाव्या बाजूचं मागचं चाक बसलं. जॅक लावला, पाना लावला, आणि नट काही केल्या हलेना. दोघांनी मिळून जोर लावला. मग एक जण पान्यावर उभा राहिला. मग त्यानं पान्यावर उड्या मारायला सुरुवात केली. काकाजी आपली स्कूटर बाजूला लावून, हात मागे बांधून हे बघत होते. बराच वेळ बघत होते. असं का, म्हणून मी नंतर विचारलं, तर म्हणाले, "बोल्ट तुटाच्या आधी सांगितलं तर पटत नाही पोराइले."

बोल्ट तुटला. काकाजी पुढे झाले.

"काहून बे, सुलटं फिरवून राहिले?"

"काका, उघडायला डावीकडेच फिरवतात ना."

"उजवं चाक असन तर. हे डावं हाय." त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, खाली बसले आणि उरलेल्या एका बोल्टच्या टोकावरचा चिखल अंगठ्यानं पुसला. गंजाखालून इंग्रजी एल अक्षर उमटलं. "उलटी चुडी हाय. कंपनीतूनच."

पाना उलट फिरला आणि नट सुटला. पोरं गप्प. मग काकाजींनी तिथेच रस्त्याच्या कडेला तास घेतला. गाडी पुढे जाताना डावं चाक एका दिशेनं फिरतं, उजवं बाहेरून पाहिलं तर दुसऱ्या. भार सारखा फिरत राहतो, त्यानं नट कणाकणानं सरकतो. उजव्या बाजूला हे सरकणं नट आवळतं; डाव्या बाजूला सुलटी चुडी दिली तर तेच सरकणं नट सैल करायला बघतं. म्हणून डावीकडे उलटी चुडी. सायकलच्या डाव्या पायडलला अजूनही तशीच असते. एका पोरानं बरोबर प्रश्न विचारला, मग आताच्या गाड्यांना का नाही? काकाजींना उत्तर येत होतं: नटाची बसायची जागा निमुळती केली की तो घट्ट पकडून राहतो, सरकत नाही, मग दोन्हीकडे एकच चुडी चालते. पण हे सांगताना त्यांचा आवाज पडला. त्यांच्या मते ही सुधारणा नव्हती, तडजोड होती.

कामठीच्या छावणीतून लिलावात सुटलेल्या डिस्पोजलच्या जीपा या भागात पूर्वी बऱ्याच होत्या. लढाईच्या काळातल्या त्या जीपचे हेडलाइट बिजागरीवर बसवलेले असत. एक नट हातानं सैल केला की दिवा उलटा वळून इंजिनावर उजेड पाडायचा. रात्री रानात गाडी बंद पडली तर टॉर्च धरायला दुसरा माणूस नको. पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली. पंपावर गेलं की ड्रायव्हरनं उठायचं, गादी उचलायची, मग झाकण. काकाजी सांगतात, त्यांच्या खात्यातला एक ड्रायव्हर पंपावर उठून उभा राहिला की पंपवाल्याला वाटे, आपल्याला मान देऊन राहिला. पेट्रोल तो जरा जास्तच मनापासून भरायचा.

मला स्वतःला या सगळ्यात एक गोष्ट दिसते, ती काकाजी कधी म्हणत नाहीत. जुन्या गाडीतली प्रत्येक खोड हा त्या काळी काय महाग होतं आणि काय स्वस्त होतं याचा हिशेब असतो. वीज महाग, ड्रायव्हरचा पाय स्वस्त. मोटर महाग, हवा फुकट. अँबेसेडरचा डिपर पाहा ना. आजच्या गाडीत बोटाच्या टोकानं दिवा खाली-वर होतो. जुन्या अँबेसेडरमध्ये डिपरचं बटण खाली, पायाशी, क्लचच्या डावीकडे. हात स्टेअरिंगवर आणि स्टेअरिंगवरच्या गिअरवर गुंतलेले. डावा पाय क्लच नसेल तेव्हा मोकळा. त्याला दिलं काम. हिशेब चोख आहे. फक्त माणसाला डावा पाय एकच असतो, एवढं त्यात बसलं नाही. अरुंद रस्त्यावर समोरून गाडी आली, गिअर उतरवायचा आहे, क्लच दाबलेला आहे, मग डिपर कोण मारणार? समोरच्याच्या डोळ्यांत पूर्ण उजेड मारत अँबेसेडर पुढे यायची आणि लोक म्हणायचे, पाहा कसा मग्रूर आहे साहेबाचा ड्रायव्हर. अर्धी मग्रुरी त्या बटणाची होती. उरलेली अर्धी मात्र कंपनीतून नव्हती.

अँबेसेडरवरून काकाजी नेहमी राजकारणावर येतात, कारण रामटेकात हे दोन विषय एकाच रस्त्यावर आहेत. १९८४ आणि १९८९ अशा दोन वेळा रामटेकनं पी. व्ही. नरसिंह रावांना लोकसभेत पाठवलं. त्या प्रचारात धुरळा उडवत फिरलेल्या अँबेसेडर काकाजींना अजून आठवतात. सरकारी नोकर असल्यानं त्यांनी प्रचार केला नाही, फक्त गाड्या पाहिल्या. पुढे राव पंतप्रधान झाले, १९९१ साली अर्थव्यवस्थेची दारं उघडली आणि १९९३ साली मोटारी बनवण्यावरचं परवान्याचं बंधन उठलं. बाहेरच्या कंपन्या आल्या, नव्या गाड्या आल्या, आणि पद्मिनी-अँबेसेडरचं नशीब फिरलं. "आमच्या मतावर गेले, आन् आमच्याच गाडीच्या मुळावर आले," ही काकाजींची तक्रार. पंतप्रधान असताना राव रामटेकचे नव्हे, नांद्यालचे खासदार होते, हे त्यांना सांगून उपयोग नाही. मी एकदा सांगून पाहिलं. म्हणाले, "रंग कुठंही मारा, चेसिस नंबर रामटेकचाच."

त्यांची स्वतःची गाडी पांढरी प्रीमियर पद्मिनी आहे, सेकंडहँड घेतलेली. तिचं कुळ ते सत्यनारायणाच्या कथेइतक्या तन्मयतेनं सांगतात. मूळ घराणं इटलीतल्या तुरिनचं, फियाट ११००. पन्नाशीच्या दशकात आपल्याकडे आली ती डुक्कर फियाट. तिची पुढची दारं उलटी उघडत, म्हणजे बिजागरी मागे आणि हँडल पुढे. चालत्या गाडीत असं दार उघडलं तर वारा त्याला आणखी उघडतो, म्हणून ते धोक्याचं, आणि म्हणूनच पुढे बंद झालं. काकाजींचं म्हणणं वेगळं. त्या दारातून माणूस पुढे तोंड करून, धोतर आवरून, आदबीनं उतरायचा. आता लोक गाडीतून सांडतात. तर पुढे १९६४ साली कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सनं फियाट ११०० डिलाइट आणली आणि १९७४ पासून तिचंच नाव चित्तोडच्या राणीवरून पद्मिनी झालं. इंजिन १०८९ सीसीचं, गिअर स्टेअरिंगवर. गिअरची दांडी खाली नाही म्हणून पुढे सलग सीट, सलग सीट म्हणून पुढे तिघं. रामटेकच्या यात्रेत पुढे चौघं.

या गाडीला मे महिना सोसत नाही. नागपूरच्या लग्नाला निघालो होतो. काकाजी, काकू, मी आणि मागे आहेराची पिशवी. मनसर सोडलं, जबलपूर रोडला लागलो, ऊन असं की रस्ता पुढे ओला दिसत होता. कन्हानच्या अलीकडे गाडीनं दोन उचक्या दिल्या आणि गप्प झाली. काकाजींनी ती उतारानं ओघळवत कडुनिंबाखाली आणली. त्यांच्या चेहऱ्यावर चिंता तर नव्हतीच, उलट कोणी पाहुणा वेळेवर आल्याचं समाधान होतं.

बोनेट उघडलं. गरम लोखंडाचा आणि पेट्रोलचा वास अंगावर आला. काकूंना सांगावं लागलं नाही; त्यांनी पिशवीतून जुन्या धोतराचा तुकडा काढला, बाटलीतल्या पाण्यात भिजवला आणि पुढे केला. काकाजींनी तो इंजिनाच्या कुशीला बसवलेल्या पेट्रोलपंपावर अलगद गुंडाळला. चर्र असा बारीक आवाज झाला.

कारण सरळ आहे. हा पंप इंजिनाच्याच जोरावर चालतो, म्हणून तो इंजिनाला चिकटून असतो, म्हणून तो तापतो. नळीत पेट्रोलची वाफ होते. पंपाला पातळ पेट्रोल ढकलायची सवय. वाफ मिळाली की तो ती नुसतीच चेपत बसतो, पुढे काही जात नाही. फडकं भिजवा, वाफ निवू द्या, गाडी सुरू. याला काकाजी बिघाड म्हणत नाहीत. येणारे-जाणारे थांबून विचारत होते, "काय झालं जी?" आणि काकाजी प्रत्येकाला तेच सांगत होते, "काही नाही, आराम करून राहिली."

"तुरिनच्या साहेबाले आपला मे महिना काय माहीत?" मी म्हणालो. "चूकच म्हणा की."

"चूक कायची? गाडी बरोबर हाय. हवामान चुकलं ना बाप्पा."

काकू सावलीत सतरंजीवर बसल्या होत्या. म्हणाल्या, "लग्न लागलं असन आतापर्यंत. पंगत उठाच्या आत पोचवा, तेवढं कंपनीले सांगा."

आमच्याकडे उन्हाळ्यात लू लागू नये म्हणून माणसं खिशात कांदा ठेवतात. काकाजींच्या खिशात एक कांदा असतो. दुसरा मी त्या दिवशी डॅशबोर्डच्या कप्प्यात पाहिला. तो कोणासाठी, हे मी विचारलं नाही.

काकाजींच्या शास्त्राला तडा गेला तो हॉर्नमुळे. गाडी घेतल्यापासून तिची एक सवय होती: स्टेअरिंग पूर्ण डावीकडे वळवलं की हॉर्न आपोआप वाजायचा. आखूड, एकदाच, पण खणखणीत. काकाजींनी त्याचं कारण कधीच लावून टाकलं होतं. वळणावर हॉर्न वाजवावाच लागतो, दोन्ही हात तर वळवण्यात गुंतलेले, म्हणून कंपनीनं आतून सोय केली. उजवीकडे का वाजत नाही? कारण आपण डावीकडून चालतो. डावीकडे वळताना माणसं, सायकली आणि गाई लगेच पुढ्यात येतात. हे इतकं बिनतोड होतं की गावातल्या दोन-तीन जणांनी आपल्याही पद्मिनीत ही सोय आहे का, हे वळवून पाहिलं. नव्हती. काकाजी म्हणाले, "त्यांची नंतरच्या सालाची. तवा कंपनीनं कंजुषी सुरू केली होती."

मग एकदा हॉर्न वाजला तो थांबेचना. भर बाजाराच्या वळणावर. काकाजी उतरले, बोनेटवर हात ठेवला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना काही बोलायला सुचलं नाही. बसस्टँडामागचा मिस्त्री पळत आला, त्यानं आधी बॅटरीची वायर काढली, मग स्टेअरिंगचं कव्हर. आत हॉर्नची वायर दांडीला घासून घासून सोललेली. स्टेअरिंग डावीकडे पूर्ण गेलं की उघडी तार लोखंडाला टेकायची आणि हॉर्न वाजायचा. शिवाय ती वायर मूळची नव्हतीच. आधीच्या कुणा मालकानं दुसऱ्या रंगाची, लांबीला कमी अशी ओढूनताणून जोडलेली.

मिस्त्री भला माणूस. त्यानं गर्दीकडे पाहिलं, काकाजींकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "काकाजी, हे कंपनीतून नाही."

काकाजी बराच वेळ त्या तारेकडे बघत होते. मग म्हणाले, "पण इचार चांगला होता."

मिस्त्रीनं नवी वायर टाकली. दुसऱ्या दिवसापासून काकाजी त्या वळणावर हातानं हॉर्न वाजवतात. बटण दाबताना दर वेळी त्यांच्या तोंडावर एक नाराजी उमटते. मिस्त्रीचं मत मी नंतर स्वतंत्रपणे घेतलं. तो म्हणाला, त्या गाडीत तिसरा हिस्सा कंपनीचा, तिसरा हिस्सा मागच्या मालकांच्या जुगाडाचा, आणि उरलेला काकाजींच्या भरवशाचा. आणि बंद पडली तर पहिल्या दोन हिश्शांमुळेच पडेल. हे मत मला पटतं. ज्याला आपण गाडी म्हणतो ती अशीच चालते.

दिवाळीला पुण्याहून मुलगा नवी गाडी घेऊन आला. किल्ली खिशातच, बटण दाबलं की सुरू. काकाजी पुढे बसले. पिशवी मांडीवरून बाजूला ठेवायला जागा नाही, कारण पुढे दोनच सीटा, मध्ये दांडी. गाडी नागपूरला सिग्नलवर थांबली आणि इंजिन बंद पडलं. काकाजींचे डोळे चमकले. इतकी महाग गाडी, पहिल्याच सिग्नलवर! त्यांनी सवयीनं पाण्याची बाटली हातात घेतली. मुलगा शांतपणे म्हणाला, "बाबा, बिघाड नाही. पेट्रोल वाचावं म्हणून सिग्नलवर ती आपोआप बंद होते. क्लच दाबला की पुन्हा सुरू. कंपनीतूनच तसं आहे."

काकाजी रामटेक येईपर्यंत बोलले नाहीत. संध्याकाळी ओट्यावर मात्र मोकळे झाले. "आमची गाडी सिग्नलवर बंद पडे तं सारा चौक हासे. आता थेच काम पैसे देऊन करून घेऊन राहिले." आणि थोडं थांबून, "म्हणजे आपली गाडी काळाच्या पुढे होती म्हणा ना."

पद्मिनी बनणं नव्या शतकाच्या उंबरठ्यावर थांबलं, अँबेसेडर २०१४ च्या मे महिन्यात. तेव्हा जुन्या गाडीबद्दल काही शंका असेल तर कारखान्याला विचारायची सोय आता उरलेली नाही, रामटेकला यावं. काकाजी उन्हाळ्यात सकाळी आणि एरवी संध्याकाळी ओट्यावर असतात. येताना गाडी घेऊन या, तोंडी हकीकत ते ऐकत नाहीत.